रविवारचं टेबल

दोन हजार दहा साल. बार्शीतला एप्रिल. सकाळचे दहाही वाजले नव्हते, तरी ओटीवरचा पत्रा तापून कडकड वाजायला लागला होता आणि आमच्या दारापासून बायकांची रांग भगवंताच्या देवळाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेली होती. सगळ्यांत पुढे गयाबाई म्हणून एक म्हातारी होती. ओटीवर एकच टेबल, टेबलाशी सोजर, आणि सोजरपुढे आधीची बाई अजून बसलेलीच. मी उंबऱ्यात उभी राहून गयाबाईला म्हटलं, "आत या. तुमचा फॉर्म मी भरून देते."

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमी ऱ्हाऊ द्या. सोजर देतीया की."

"सोजरला वेळ लागेल. मी रिकामी आहे."

"मी बी रिकामीच हाय," असं म्हणून ती भिंतीला टेकून पदराने वारा घेत बसली. मागच्या दोघी-तिघी तोंडावर पदर धरून हसल्या.

मी त्यापूर्वी बत्तीस वर्षं पुण्यात विमा कंपनीच्या हिशेब खात्यात काढली होती. साहेब लोक माझ्या टेबलाशी येऊन थांबत. आणि इथे माझ्याच बापाच्या ओटीवर मला कोणी फॉर्म भरू देत नव्हतं.

माझे वडील रामचंद्र वैरागकर. आयकराची कामं करायचे. खरं तर ते वकील नव्हते, पण गाव त्यांना वैरागकर वकीलच म्हणे. घरात ते अण्णा. आठवडाभर अडत्यांची, दुकानदारांची कामं. आणि रविवारी ओटीवर टेबल टाकून ज्यांना फी परवडत नाही त्यांची कामं फुकट. त्याला सगळे 'रविवारचं टेबल' म्हणत. ज्या माणसाला कर लागतच नाही, त्याचाच तो जास्त कापला जातो, कारण बोलायला त्याला येत नाही, असं अण्णांचं म्हणणं होतं. बँकेने ठेवीच्या व्याजातून कर कापला असेल तर रिटर्न भरून तो परत मागायचा, आणि पुढे कापू नये म्हणून वर्षाच्या सुरुवातीला बँकेत एक फॉर्म द्यायचा, ही ती कामं. टेबलाचे नियम दोन. आलेल्या माणसाला उभं ठेवायचं नाही, आणि कागदावरची ओळ त्याला मराठीत समजावून सांगितल्याशिवाय लिहायची नाही. म्हणूनच रांग हलत नसे.

त्या वर्षी रांग इतकी मोठी असायचं कारण असं, की एप्रिलपासून नियम बदलला होता. ज्याच्याकडे पॅन कार्ड नाही, त्याचा तो बँकेतला फॉर्म चालणार नव्हता आणि व्याजातून दहाऐवजी वीस टक्के कापले जाणार होते. गावातली एक गिरणी बंद पडली तेव्हा कामगारांना जे पैसे मिळाले, ते कित्येकांनी बायकोच्या नावाने बँकेत ठेवले होते. पुढे नवरे गेले. बायकांचं तेल-मीठ त्या व्याजावर चाले. कार्ड म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं, पण ते वैरागकर वकिलांच्या ओटीवर मिळतं एवढं त्यांना कळलं होतं.

अण्णा तेव्हा नव्वदीला टेकले होते. काचबिंदूने डोळे गेले होते, कान मात्र तल्लख. टेबलाच्या बाजूला आरामखुर्ची टाकून ते नुसतं ऐकत बसत. आणि टेबल चालवायची सोजर.

सोजर ही मार्केट यार्डातल्या एका हमालाची मुलगी. पंधरा-सोळा वर्षांची असताना पायावर पोतं पडलेल्या बापाला घेऊन भरपाईचा अर्ज लिहून घ्यायला आली आणि मग आमच्या घरातून गेलीच नाही, असं म्हटलं तरी चालेल. अण्णांनी तिला टायपिंग शिकवलं, इंग्रजी शिकवलं, कागद वाचायला शिकवलं. मध्ये तिचं लग्न झालं, ते वर्षभरात मोडलं, आणि ती परत त्याच टेबलाशी येऊन बसली. हे सगळं मला पत्रांतून कळायचं. 'सोजर आता रिटर्न एकटी भरते.' 'सोजरने आज आयकर कचेरीत मला न विचारता उत्तर दिलं.' सासरी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मी ती पत्रं वाचायची आणि पोळी करपायची.

कारण शाळेत गणितात पहिली यायची ती मी. मॅट्रिकला तालुक्यात पहिली आले ती मी. आणि मला एकोणिसाव्या वर्षी पुण्याला देऊन टाकलं. पुढे दोन मुलांनंतर, कॉलेजचं तोंडही न बघता, बाहेरून परीक्षा देऊन मी बी.कॉम. झाले. ते मी कसं केलं ते माझं मला ठाऊक. अण्णांचं अभिनंदनाचं कार्ड आलं होतं. त्यावरचा मजकूर टाइप केलेला होता, आणि तो कोणी टाइप केला असेल हे सांगायची गरज नाही.

माझे यजमान गेल्यावर, आदल्या दिवाळीत, मी बार्शीला कायमची आले. म्हातारपणी वडिलांचं करावं आणि त्यांचं टेबल सांभाळावं, एवढंच मनात होतं. आल्या आल्या कळलं की दोन्ही जागा भरलेल्या आहेत. अण्णांना चहा कसा लागतो ते सोजरला ठाऊक. भाकरी दुधात किती वेळ भिजवायची ते सोजरला ठाऊक. मी मोठ्या हौसेने पुरणपोळी केली तर त्यांनी ताट हाताने चाचपलं आणि म्हणाले, "सोजर, हे जड पडेल गं मला." सोजर तिथे नव्हतीही. ताट मी वाढलं होतं.

बायका फी देत नसत, पण रिकाम्या हाताने येतही नसत. कोणी कैऱ्या, कोणी शेवग्याच्या शेंगा, कोणी कडधान्याची पुरचुंडी. अण्णांनी ते घ्यायला बंदी केली होती, म्हणून त्या जाताना सोजरच्या खुर्चीमागे गुपचूप ठेवून जात. दुपारी घर झाडताना ते सगळं मलाच उचलून स्वयंपाकघरात न्यावं लागे. इतक्या महिन्यांत माझ्या हातात कोणी एक लिंबूही ठेवलं नव्हतं.

त्या एप्रिलमध्ये अण्णांनी सांगून टाकलं की अक्षय्य तृतीयेनंतर ते ओटीवर बसणार नाहीत. टेबल पुढे कोणी आपल्या हिमतीवर चालवायचं, ते त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगतील. आम्ही दोघी तिथेच होतो. सोजर सुपातले खडे वेचत राहिली. त्या क्षणापासून मला ते टेबल हवं होतं. मला वाटत होतं, एकदा तरी या माणसाने लोकांदेखत म्हणावं, ही माझी मुलगी आहे, हिच्याकडे जा.

गयाबाई माझ्याकडे न येता भिंतीला टेकून बसली, त्या दुपारची गोष्ट. रांग संपली, सोजर जेवायला घरी गेली. भरलेले फॉर्म दुसऱ्या दिवशी सोलापूरला एजंटाकडे जायचे होते. मी सहज गठ्ठा ओढला. निदान तपासावेत म्हणून. पहिला पाहिला, दुसरा पाहिला, मग भराभर सगळे उलटले. पंख्याखाली बसून मला घाम फुटला, तो आनंदाने.

पॅनच्या फॉर्ममध्ये वडिलांचं नाव लिहायचा रकाना असतो. लग्न झालेल्या बाईनेही तिथे वडिलांचंच नाव लिहायचं असतं. कार्डावर तेच छापून येतं. सोजरने प्रत्येक बाईच्या फॉर्मवर तिथे नवऱ्याचं नाव लिहिलं होतं. आमच्याकडे लग्न झालं की बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव लागतं, बापाचं गळून पडतं. रेशन कार्डावर नवरा, बँकेत नवरा, मतदार यादीत नवरा. इतकी वर्षं टेबलावर पॅनसाठी यायचे ते पुरुष. बायकांची अशी रांग पहिल्यांदाच लागली होती. बायकांनी सवयीने सांगितलं आणि तिने सवयीने लिहिलं. एकीलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मी अण्णांना लगेच उठवलं नाही. संध्याकाळी सोजर आली, अण्णांचा चहा झाला, बाजूच्या घरातल्या दोघी गप्पांना येऊन बसल्या, तेव्हा मी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि शांतपणे सगळं सांगितलं. काम बिघडलं असतं तर बायकांचं नुकसान झालं असतं, हे खरंच होतं. मी बोलले ते बरोबरच बोलले, आजही मला तसंच वाटतं.

सोजरने वरचा फॉर्म डोळ्यांजवळ नेला. रकान्याखालची बारीक इंग्रजी ओळ वाचली. चेहरा पार उतरला तिचा. "ताई, बरं झालं तुम्ही बघितलं," एवढंच म्हणाली.

मी अण्णांकडे बघत होते. त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते. "म्हणजे सगळ्यांचे नवरे बाप म्हणून छापून आले असते," ते म्हणाले. "पन्नास वर्षं मी हे काम केलं, माझ्याही लक्षात आलं नसतं. सगळे परत भरायचे. पुढच्या रविवारी सगळ्यांना बोलवा." आणि मग, माझ्या दिशेला तोंड करून, "बेबी, तूही टेबल टाक. दोघी बसा."

ते 'तूही' मला आठवडाभर पुरलं. आत पडलेलं जेवणाचं टेबल मी सोडा लावून घासलं, ओटीवर सोजरच्या टेबलाशेजारी मांडलं, त्यावर धुतलेलं कापड घातलं.

पुढच्या रविवारी बायका आल्या त्या कुरकुरतच. एक दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या होत्या काही. चूक काय झाली ते सोजरने लपवलं नाही. ओटीच्या पायरीवर उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की माझ्याकडून तुमच्या बापाच्या जागी तुमचे मालक लिहिले गेले. मग गयाबाई म्हणाली, "मेल्याला जित्तेपणी नवरा म्हनून सोसलं, आन् वर गेल्यावर बाप करायला निगालीस व्हय गं?"

सगळी रांग हसून हसून वाकली. रागावणं राहिलंच. मला वाटलं, ही चूक माझी असती तर दगड पडले असते.

त्या दिवशी निम्म्या बायका माझ्याकडे बसवायच्या असं सोजरनेच ठरवलं होतं. पहिली बाई बसली. मी विचारलं, वडिलांचं नाव? ती नुसती बघत राहिली. मी पुन्हा विचारलं. तिने तोंडातल्या तोंडात एक नाव सांगितलं. मी लिहिलं, आजोबांचं विचारलं, लिहिलं, आडनाव, अंगठा, झालं. दुसरी. तिसरी. माझी कामं झरझर होत होती.

सोजरच्या टेबलावर गयाबाईचंच अजून चाललं होतं. सोजरने वडिलांचं नाव विचारल्यावर गयाबाई कितीतरी वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती.

"बापाचं," ती म्हणाली. "माझ्या बापाचं नाव मला इचारलं न्हाई कुनी, लगीन झाल्यापास्नं. थांब वाईच. तोंडात बसंना."

"सावकाश सांगा," सोजर म्हणाली.

"नामदेव. नामदेव यशवंता. पांगरीचा. मला खांद्यावर बसवून जत्रंला न्यायचा, अन् गुळाची रेवडी... लई उंच होता गं. आमच्या घरात त्याच्याएवढं उंच कुनीच झालं न्हाई परत."

सोजरने पेन खाली ठेवलं होतं. तिच्या टेबलाला मग जे सुरू झालं ते थांबेना. एक बाई म्हणाली, माझा बाप वासुदेव होता, मोरपिसांची टोपी घालायचा. एक म्हणाली, माझा शिंपी होता, पण माझ्या परकराला कधी नवं कापड मिळालं नाही. एकीला बापाचं नाव आठवेनाच. ती माहेरच्या सगळ्यांची नावं घेत घेत त्याच्यापर्यंत पोचली आणि नाव सापडल्यावर पदरात तोंड घालून रडली. सोजर प्रत्येकीचं ऐकत होती, शेवटी एकदा नाव लिहीत होती. आणि माझ्या रांगेतल्या बायका एकेक करून, मला कळू न देता, जागेवरून सरकत तिच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. माझ्यासमोरची खुर्ची रिकामी झाली. मी टेबलावरच्या कापडाची सुरकुती सरळ करत बसले.

अण्णा आरामखुर्चीत मान तिरकी करून ऐकत होते. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. माझ्या लग्नातही नाही.

फॉर्म संपत आले तेव्हा गयाबाई, जी आपलं काम होऊनही गेली नव्हती, म्हणाली, "समद्यांचं बाप इचारलंस. तुज्या बापाचं नाव काय गं, सोजर?"

मागून कोणीतरी म्हणालं, "इचारायचं काय त्यात? बसल्यात की समोर."

सगळ्यांच्या माना अण्णांकडे वळल्या. गावात निम्म्या लोकांना ती अण्णांचीच मुलगी वाटे, हे मला तोवर ठाऊक झालं होतं. ती नुसती हसली असती, गप्प बसली असती, तरी चाललं असतं. कोणीही तेच धरलं असतं. अण्णांचे ते न दिसणारे डोळे तिच्या दिशेला लागले होते.

"न्हाई ओ," सोजर म्हणाली. "हे अण्णा. माझा बाप भिवा सखाराम काशीद. यार्डात हमाल होता. पायावर पोतं पडलं तरी दुसऱ्या दिवशी कामावर गेला होता, माझ्या वह्यांसाठी."

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिने ते नाव अगदी सहज उच्चारलं. भरल्या घरातला माणूस सांगतो तसं सांगितलं तिने. तिच्याकडे दोन बाप होते. एकाचं नाव ती सगळ्यांसमोर घेऊ शकत होती आणि दुसरा समोर बसून ते ऐकत होता, आणि त्याला त्याचं काही वाईट वाटत नव्हतं, उलट अभिमान वाटत होता. तो त्याच्या तोंडावर दिसत होता. माझ्याकडे एकच होता.

दुपारी जेवणं झाल्यावर मी अण्णांना विचारलं. चाळीस वर्षं जे विचारलं नव्हतं ते, हात पुसता पुसता. "तिला शिकवलंत. मला का नाही शिकवलं?"

ते बिछान्यावर आडवे होते. उठून बसले. मी हात दिला नाही.

"टायपिंगचं मशीन आहे ना," ते म्हणाले, "ते मी तुझ्यासाठी घेतलं होतं."

मी म्हटलं, मला हे कोणी सांगितलं नाही.

"सांगायला तू होतीस कुठे? पुण्याला नाव नोंदवलं होतं मशीनसाठी. ते आलं आषाढात. तुझं लग्न वैशाखात झालं. तुझ्या आजीने स्थळ आणलं, घर चांगलं, मुलगा नोकरीवाला. मीही हो म्हटलं. मला वाटलं, मशीन काय, नाही तर कोणीही वापरेल." थोडं थांबून म्हणाले, "तुला पाठवल्यावर ओटीवर बसलो आणि लक्षात आलं, घरात आकड्यांचं डोकं एकच होतं, ते मी अक्षता टाकून घालवलं. ते मशीन दोन वर्षं पडून होतं, बेबी. मी त्यावरचं कापड काढलं नाही. मग ही पोरगी आली बापाला धरून."

"म्हणून माझं तिला दिलंत."

"ही चूक परत करायची नाही, असं ठरवलं मी."

"चूक माझ्या बाबतीत झाली होती, अण्णा. कापलं माझ्याकडून, आणि परतावा दिलात तिला."

ते हसले नाहीत. एखादं अवघड प्रकरण समोर आलं की ते असेच खालचा ओठ दाबून विचार करायचे. मी वाट पाहिली. मला वाटलं, आता काही तरी म्हणतील. आयुष्यभर मी त्यावर जगेन असं काही तरी.

"हो," ते म्हणाले. "तसंच झालं आहे. आणि परतावा मागायची मुदत असते, ती गेली."

एवढंच. माझ्या बापाने मला कधी खोटं सांगितलं नाही, त्या दिवशीही नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. बाई येणार होती तरी मी घासली.

अक्षय्य तृतीयेला ओटीवर बरीच माणसं जमली होती. अण्णांनी टेबल सोजरला दिलं. मला म्हणाले, भरलेला प्रत्येक कागद बाहेर जाण्याआधी बेबी तपासेल, तिच्या सहीशिवाय एकही कागद जाणार नाही. लोकांनी माना डोलावल्या. हा मान होता, असं मला पुष्कळांनी सांगितलं. असेल. मी सही करायला लागले.

पुढच्या वर्षी मार्गशीर्षात अण्णा गेले. समाचाराला माणसं येत होती, आणि दारातून आत आली की सरळ सोजरकडे जात होती. ती ओटीच्या कोपऱ्यात बसलेली, तिच्याभोवती बायका. मी आत सतरंजीवर. तिसऱ्या की चौथ्या दिवशी पांगरीकडची एक बाई आत डोकावली, मला पाणी पिऊन भांडं उपडं ठेवताना पाहिलं आणि विचारलं, "तुमी कोन वकिलांच्या?"

ओटीवरून सोजरने ऐकलं. रडून रडून आवाज बसला होता तिचा, तरी ती तिथूनच म्हणाली, "लेक हाय त्यांची. एकच लेक त्यांना."

बाई चप्पल काढून आत आली आणि माझ्या पाया पडली. मी तिला धरून उठवलं. मला ते हवं होतं, चाळीस वर्षं हवं होतं, आणि ते मला मिळालं सोजरच्या हातून. याहून जास्त मला तिचा राग कधी आला नाही.

गयाबाईचं कार्ड आलं, बँकेने कापलेले पैसेही परत आले. तिने कार्ड चंचीत ठेवलं होतं आणि ज्याला त्याला दाखवायची म्हणे, की हा बघा माझा बाप. चारेक वर्षांनी गेली. टेबल मात्र चाललं बरीच वर्षं. मग सगळं मोबाइलवर आलं, कोपऱ्यावरच्या दुकानातला मुलगा पन्नास रुपये घेऊन पाच मिनिटांत करून द्यायला लागला, करोनाच्या दिवसांत रांग मोडली ती पुन्हा लागली नाही. जेवणाचं टेबल परत आत आलं. माझा मुलगा बंगळुरूला बोलावतो. मी जात नाही.

सोजरच्या मागे कोणी नव्हतं, खोलीचं भाडं वाढलं, तेव्हा मी तिला इकडेच यायला सांगितलं. आता ती त्र्याहत्तर वर्षांची आहे, मी अठ्ठ्याहत्तर. तिला हल्ली बरंच आठवत नाही. गॅस चालू राहतो, वार चुकतो, कधीकधी माझं नावही. अण्णांचं मात्र सगळं आठवतं. कोणत्या अधिकाऱ्याला ते काय म्हणाले, आई गेल्यावर महिनाभर कसे बोलले नाहीत, माझा मुलगा झाल्याची तार आली तेव्हा ओटीवर बसलेल्या परक्या माणसाला कसे कडकडून भेटले. मी तेव्हा पुण्याला होते. यातलं मी काहीच पाहिलेलं नाही.

संध्याकाळी दिवा लावला की मी तिच्याजवळ जाऊन बसते. विचारते, मग पुढे काय म्हणाले अण्णा? ती सांगते. अगदी त्यांच्या आवाजात सांगते. मी ऐकते, जळते, आणि म्हणते, अजून सांग.